बेस आणि टॉपची वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच

मांडवात रचलेले स्पीकरचे खोके पॅसिव्ह असतील, म्हणजे त्यांच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसेल, तर सगळी ताकद बाहेरून वायरने येते. खाली बेस, म्हणजे खालच्या स्वरांचे खोके, आणि वर टॉप, म्हणजे वरच्या स्वरांचे. मग गाण्यातले खालचे आणि वरचे स्वर वेगळे करायचे कुठे, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी की नंतर?

नंतर करायचे तर कॉईल आणि कपॅसिटर लागतात. घरच्या लहान स्पीकरमध्ये ही वाटणी 3000 हर्ट्झच्या आसपास होते आणि लागणारे भाग तळहातावर मावतात. बेस-टॉपची वाटणी मात्र साधारण 100 हर्ट्झला करतात. 8 ओहमच्या स्पीकरसाठी साध्यात साधं गणित मांडलं, तरी सुमारे 12.7 मिलिहेन्रीची कॉईल आणि 200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. शेकडो वॉट झेलणारी अशी कॉईल म्हणजे जाड तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं. ते महाग, जड, शिवाय स्वतःच तापून ताकद खाणारं.

म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरांची ही वाटणी करणारं उपकरण, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये बसवावं. तिथे सिग्नल जेमतेम व्होल्टभर असतो, त्यामुळे वाटणी अचूक होते आणि जवळजवळ फुकटात होते. त्यातून निघालेले खालचे स्वर एका अ‍ॅम्प्लिफायरला, वरचे दुसऱ्याला. टॉपचं यात फार भलं होतं. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर निम्म्या हर्ट्झवर आणला, की पडद्याला चौपट पुढे-मागे सरकावं लागतं. 100 ऐवजी 50 हर्ट्झ वाजवताना टॉपचा पडदा किती ताणला जातो, याचा अंदाज यावरून येईल. खालचे स्वर पोहोचलेच नाहीत, तर तोच टॉप अधिक जोरात आणि स्वच्छ वाजतो.

आता ओहमचा हिशोब. इथली चूक सर्वांत महागात पडते. 8 ओहमचे दोन बेस समांतर जोडले की 4 ओहम होतात, चार जोडले की 2. अ‍ॅम्प्लिफायर 40 व्होल्ट देत असेल तर 8 ओहमला 5 अँपिअर जातात, 4 ला 10 आणि 2 ला 20. मशीनवर किमान 4 ओहम छापलेलं असताना चार बेस लावले, तर ते तापून बंद पडेल किंवा जळेल. ब्रिज मोडमध्ये, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे दोन चॅनल मिळून एकच जोडणी चालवतात तेव्हा, प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणून 8 ओहमचा एक खोकाही तिथे 4 ओहमइतकाच भारी. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर 6 च्या आसपास दिसला तर घाबरू नये. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.

वायरकडे तर कुणी बघतच नाही. 20 मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन 40 मीटर तांबं लागतं. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध तेवढ्यात 0.9 ओहम होतो आणि 4 ओहमच्या जोडणीत जवळपास पाचवा हिस्सा ताकद वायरच खाते. अडीचची वायर घेतली तर हीच गळती सहा-सात टक्क्यांवर येते.

प्लस-मायनस उलटं झालं तर काही जळत नाही, पण बेस गायब होतो. 60 हर्ट्झच्या लाटेची लांबी 5.7 मीटर, त्यापुढे शेजारचे दोन खोके म्हणजे एकच जागा. एक पडदा बाहेर आणि दुसरा आत गेला, की दोघं एकमेकांचा आवाज मिटवतात. तपासायला सोपं आहे: अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून दीड व्होल्टचा सेल बेसला क्षणभर टेकवा आणि सगळे पडदे एकाच दिशेला सरकतात का बघा. टॉपच्या हॉर्नवर मात्र हा प्रयोग करू नका.

सुरू करताना मिक्सर आणि क्रॉसओव्हर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी. मागची उपकरणं चालू-बंद होताना उठणारा झटका मग स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.