जाळीला खिळे कशाला?

"जाळी सरकली तर?" जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं की घरात हा प्रश्न हमखास निघतो. हर्नियाचं भोक झाकणारी कृत्रिम धाग्यांची जाळी जितकी पक्की ठोकलेली तितकं ऑपरेशन चांगलं, अशी समजूतही त्यामागून येते. ती चुकीची का आहे, हे कळलं की 'दाब सगळीकडे सारखाच पसरतो' म्हणणारा शाळेतला पास्कल नव्याने आवडू लागतो.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतलं भोक. खोकलं, जोर केला की आतडं किंवा चरबी त्यातून बाहेर येते. मोठ्या माणसात हे भोक आपोआप बुजत नाही. लेप लावून किंवा बेंबी 'बसवून' तर नाहीच नाही.

दुर्बिणीच्या पद्धतीत जाळी भिंतीच्या आतून, स्नायू आणि पोटाचा पातळ पडदा यांच्यामध्ये पसरतात. सगळी गंमत या जागेत आहे. गळक्या बादलीला बाहेरून चिकटपट्टी लावली तर पाणी ती ढकलून काढतं. आतून लावली तर तेच पाणी तिला दाबून धरतं. ढोबळ हिशेब करून पाहू. जोराने खोकताना पोटातला दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३६ ग्रॅम भार. भोक ३ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर. तिथे जाळीला बाहेर ढकलणारा भार जेमतेम १ किलो. जाळी १० बाय १५ सेंटिमीटरची. उरलेल्या १४३ चौरस सेंटिमीटरवर तिला भिंतीशी दाबणारा भार १९ किलोंहून जास्त! ज्या दाबाने हर्निया झाला, तोच जाळीचा पहारेकरी. फ्रान्समधल्या आमियाँचे शल्यचिकित्सक रेने स्तोप्पा यांनी दुर्बिणीचं युग येण्याआधीच मोठी जाळी याच तत्त्वावर, न ठोकता बसवली होती. पुढे काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढतात आणि ती भिंतीचाच भाग होते.

भोकाचा व्यास ५ सेंटिमीटर झाला की क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट, २० चौरस सेंटिमीटर होतं, आणि लवचीक जाळी त्यात खोल दबू शकते. म्हणून २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मध्यभागाकडच्या मोठ्या, थेट हर्नियात (भिंतीच्या कमकुवत भागातून सरळ बाहेर येणाऱ्या) जाळी अडकवायला सांगतात. इतरत्र बहुतेकांना गरज नाही. 'वजनाने हलकी जाळी म्हणजे उत्तम जाळी' ही जाहिरातही याच ठिकाणी लंगडी पडते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हलक्या जाळीने दुखणं कमी होतं असं ठामपणे दिसलेलं नाही, आणि मोठ्या थेट हर्नियात तो पुन्हा होण्याची भीती मात्र वाढते.

अडकवायचंच तर टायटॅनियमचे मळसूत्री टॅकर (स्क्रूसारखे बारीक खिळे), विरघळणारे टॅकर किंवा गोंद. गोंदही दोन तऱ्हांचे : रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचा, नाहीतर झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटचा. टॅकरची खरी अडचण मज्जातंतूंची. जांघेच्या बाहेरच्या बाजूला, इलिओप्युबिक पट्ट्याच्या (कंबरेच्या हाडापासून जघनास्थीकडे जाणाऱ्या ऊतीच्या पट्ट्याच्या) खाली, मांडीच्या त्वचेला संवेदना देणाऱ्या नसा जातात. तिथे मारलेला एक टॅकर मांडीत महिनोन्‌महिने आग पेटवू शकतो, म्हणून त्या भागाचं शल्यचिकित्सकांमधलं नावच 'वेदनेचा त्रिकोण' आहे. गोंदाला टोक नसतं.