केंद्रीय ओळख माहिती भांडार (आधार)

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने राखलेला, देशातील रहिवाशांच्या वैयक्तिक व जैवमितीय (बायोमेट्रिक) माहितीचा एकत्रित साठा. पाच वर्षांखालील मुलांचा अपवाद सोडता प्रत्येक नोंदीत नाव, जन्मतारीख, लिंग व पत्ता, चेहऱ्याचे छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा असतात. मोबाइल क्रमांक व ईमेल ऐच्छिक. नोंदीला मिळणारा बारा अंकी क्रमांक यादृच्छिक असून त्याचा शेवटचा अंक, क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडण्यासाठी व्हरहोफ या गणिती पद्धतीने काढलेला तपासणी-अंक असतो. भांडाराचे सर्व्हर बेंगळुरू आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. पहिले क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) या आदिवासी गावात देण्यात आले. या लेखात मुख्यतः भांडाराच्या केंद्रीकरणावरील, म्हणजे सर्वांची माहिती एकाच ठिकाणी साठवण्यावरील, आक्षेपांचा विचार केला आहे.

उगम : भांडाराच्या कल्पनेचा उगम कोठे धरावा, याबाबत एकमत नाही. एक मत तो कारगिल युद्धानंतरच्या सुरक्षाविषयक विचारमंथनात शोधते. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीने सीमावर्ती गावांतील रहिवाशांना ओळखपत्रे देण्याची शिफारस केली होती. 2001 मध्ये मंत्रिगटाने बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना पुढे नेली आणि 2003 च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात नागरिकांची सक्तीची नोंदणी व ओळखपत्र यांविषयीचे कलम 14अ आले. दुसरे मत उगम 3 मार्च 2006 रोजी मंजूर झालेल्या, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना विशिष्ट क्रमांक देण्याच्या प्रकल्पात मानते. प्रशासकीय वंशावळ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते : जानेवारी 2009 मध्ये प्राधिकरण गृह मंत्रालयात न येता नियोजन आयोगाच्या छत्राखाली आले, आणि क्रमांकाचा निकषही नागरिकत्व नसून रहिवास हा ठरला. मात्र दोन्ही प्रवाह पुढेही अलग राहिले नाहीत. 2012 मध्ये जैवमितीय नोंदणीचे काम प्राधिकरण आणि गृह खात्याची राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही यांच्यात राज्यवार वाटून देण्यात आले. कल्याणासाठी गोळा केलेली माहिती पाळतीसाठी वापरली जाईल, ही भीती या दुहेरी वारशातून आली आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही.

कायद्याचा आधार उशिरा मिळाला. डिसेंबर 2010 मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने पुढच्या वर्षी फेटाळले. नोंदणी मात्र थांबली नाही. आधार अधिनियम मार्च 2016 मध्ये संमत झाला, तोपर्यंत कोट्यवधी लोकांचे ठसे जमा झाले होते.

ठशांची जुळणी व चुकीचे प्रमाण : भांडारात जुळणी दोन प्रकारे होते. प्रमाणीकरणात व्यक्तीचा ठसा तिच्याच क्रमांकाच्या नोंदीशी ताडला जातो व उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. नव्या नोंदणीच्या वेळी मात्र दुबार नोंद टाळण्यासाठी तो आधीच्या सर्व नोंदींशी ताडावा लागतो. केंद्रीय साठ्याची गरज आणि त्याची अडचण, दोन्ही या दुसऱ्या प्रकारात आहेत. प्राधिकरणाच्याच अहवालानुसार, साठा 8.4 कोटी नोंदींचा असताना प्रामाणिक अर्जदार चुकून ‘दुबार’ ठरण्याचे प्रमाण 0.057 टक्के, म्हणजे लाखात 57 होते. तुलनेच्या नोंदी वाढतात तशी अशा योगायोगाची शक्यता वाढते. हान्स व्हर्गीस मॅथ्यूज यांनी 2016 मध्ये मांडलेल्या गणितानुसार साठा 120 कोटींवर गेल्यास हे प्रमाण 121 जणांत एक इतके होईल. प्राधिकरणाला हा निष्कर्ष मान्य नाही. ठसे व बुबुळे एकत्र ताडल्यास वाढ किती आटोक्यात राहते यावर सारे अवलंबून असल्याने 121 हा आकडा सावधपणे घ्यावा. वाढीची दिशा मात्र मॅथ्यूज यांनी बरोबर दाखवली आहे, असे दिसते. उलट बाजूने, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांच्या 2021 च्या अहवालानुसार नोव्हेंबर 2019 पर्यंत 4.75 लाखांहून अधिक आधार क्रमांक दुबार म्हणून रद्द करावे लागले होते. म्हणजे चाळणीतून दुबार नोंदीही निसटत होत्या.

गोव्यातील प्रकरण : वास्को येथील एका शाळेत जानेवारी 2013 मध्ये लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या तपासात घटनास्थळी ठसे मिळाले. ते ताडून पाहण्यासाठी गोव्यात आधार नोंदणी केलेल्या सर्वांची जैवमितीय माहिती केंद्रीय अन्वेषण विभागाने मागितली आणि दंडाधिकाऱ्यांनी ती देण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही भांडाराची तांत्रिक क्षमता तपासण्याच्या दिशेने पाऊल टाकले, तेव्हा प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ही यंत्रणा गुन्हे-तपासासाठी बनवलेलीच नाही व अशा जुळणीत निरपराध लोक संशयाच्या फेऱ्यात येतील, हे खुद्द तिच्या चालकांनीच तेथे सांगितले. संमतीशिवाय कोणाचीही माहिती देऊ नये, असा अंतरिम आदेश न्यायालयाने 24 मार्च 2014 रोजी दिला. गुन्हा इतका घृणास्पद की ठसे द्यायला कोणाचे मन नकार देणार नाही. अशाच गुन्ह्याच्या निमित्ताने भांडार मूळ हेतूपासून ढळू शकते, म्हणून केंद्रीकरणाच्या चर्चेत हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते.

भांडाराबाहेरील गळती : भांडार फोडले गेल्याचे प्राधिकरणाने कधीच मान्य केलेले नाही. प्राधिकरणाचे म्हणणे खरे मानले तरी प्रश्न मिटत नाही, कारण तोच क्रमांक निवृत्तिवेतन, रोजगार हमी, बँक अशा असंख्य याद्यांत उतरलेला असतो. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेच्या मे 2017 च्या अहवालानुसार चार शासकीय संकेतस्थळांवर मिळून सुमारे 13 कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते. तेथे कोणी घुसखोरी केली नव्हती. लाभार्थींच्या याद्या खात्यांनीच लावल्या होत्या. 2018 पासून मूळ क्रमांकाऐवजी देता येणाऱ्या सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय आहे. ठशांना मात्र असा पर्याय नाही. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

व्यवहारातील अडचणी : रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर ‘अंगठा घेत नाही’ ही तक्रार सर्वपरिचित आहे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांत आयुष्य घालवलेल्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. वृद्धांच्या बोटांची त्वचा कोरडी पडते. बोट पदराला पुसायचे, मग दुसरे बोट लावायचे, मग नेटवर्कची वाट पाहायची आणि अखेर ‘उद्या या’ ऐकायचे. त्या उद्यासाठी आणखी एक दिवसाची मजुरी बुडते. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत प्रमाणीकरण फसण्याचे प्रमाण झारखंडमध्ये 49 टक्के, राजस्थानात 37, तर गुजरातमध्ये 6 टक्के नोंदवले आहे. शासकीय सेवांसाठी यशाचे प्रमाण 88 टक्के असल्याचे प्राधिकरणाने 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. उरलेल्या 12 टक्क्यांत कोण असते, याचे उत्तर दुकानासमोरच्या रांगेत मिळते. ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकाने अशा वेळी पर्यायी मार्ग देण्यास सांगितले आहे. तो मिळणे बरेचदा दुकानदाराच्या मर्जीवर राहते.

न्यायालयीन निर्णय व पुढील कायदे : कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये केलेल्या याचिकेतून 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. 26 सप्टेंबर 2018 च्या चार विरुद्ध एक अशा निकालाने आधार वैध ठरले, पण बँक खाते व सिमकार्डाशी आधार जोडण्याची सक्ती गेली, खासगी कंपन्यांचा करारावर आधारित वापर रद्द झाला आणि प्रमाणीकरणाच्या नोंदी पाच वर्षांऐवजी सहा महिनेच ठेवण्याचे बंधन आले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रिकेत अधिनियम धनविधेयक (राज्यसभेची संमती न लागणारे अर्थविषयक विधेयक) म्हणून संमत करणे घटनाबाह्य ठरवले; नोव्हेंबर 2019 मध्ये धनविधेयकाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. 2019 च्या दुरुस्तीने ओळखविषयक माहिती उघड करण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे नेला. जैवमितीय माहिती त्यातूनही वगळलेली आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या जुलै 2018 च्या अहवालानंतर बऱ्याच खंडाने आलेला 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा केंद्र सरकारला देतो.