चुन्याचा संगमरवर

गेल्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या चबुतऱ्यावर उभा होतो. शेजारी एक कुटुंब होते. दुसरी-तिसरीतल्या मुलीने भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, हा पण संगमरवरच का?" वडील म्हणाले, "छे गं. खाली तेवढा संगमरवर, वर नुसता चुना लावलाय. पैसे संपले त्यांचे." आसपासचे दोघे-तिघे हसले. 'चुना लावणे' याला मराठीत जो अर्थ आहे, तो सगळ्यांना एकदमच आठवला असणार.

मी मध्ये पडलो नाही. पण तो 'नुसता' शब्द अजून मनातून जात नाही, कारण मुलीचा प्रश्न वडिलांच्या उत्तरापेक्षा खरेपणाच्या जास्त जवळ होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि साडेतीनशे वर्षे हवेत मुरलेला चुना? तोही कॅल्शियम कार्बोनेटच. खाली डोंगरातून कापून आणलेला दगड आहे, वर गवंड्याने भिंतीवर तयार केलेला.

आधी थोडा इतिहास. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ च्या ऑक्टोबरमध्ये, मुलगा अकबर याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, औरंगाबादेत वारली. ही तिची कबर. १६६०-६१ च्या सुमारास इमारत उभी राहिली. आझमशहाने आईसाठी बांधली असे सर्रास सांगतात, पण आझमशहाचा जन्म १६५३ चा. सात-आठ वर्षांच्या पोराने एवढे काम काढले असेल हे पटत नाही. हुकूम बापाचाच असणार. आझमशहाने पुढे मोठेपणी डागडुजी केली असेल तर ती वेगळी गोष्ट.

मुख्य दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि त्याच्या जोडीला हंसपतराय. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाचा मुख्य वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताज बांधणाऱ्यांचे हात तोडले, ही गोष्ट आजही मोबाइलवर फिरत असते. तिला समकालीन पुरावा नाही. उलट ताजचे काम चालू असतानाच, १६३९ मध्ये, दिल्लीचा लाल किल्ला सुरू झाला आणि त्या कामावरही उस्ताद अहमदच होता. पुढच्या पिढीने दख्खनमध्ये येऊन हा मकबरा उभारला. हात शाबूत होते आणि हातातली विद्याही शाबूत होती.

संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवर वाहणाऱ्या सुमारे ३०० गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही १२ बैल होते, असे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने लिहून ठेवले आहे. हा दगड भिंतीच्या तळाच्या पट्ट्याला आणि घुमटाला लागला. मधली भिंत आपल्या इथल्या काळ्या बेसॉल्टची, तिच्यावर चुन्याचा गिलावा. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा' या जुन्या ग्रंथात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा येतो. ताजच्या मानाने ही रक्कम फार थोडी, म्हणून 'गरिबांचा ताज' हे नाव पडले. इतिहास इथे थांबवतो, कारण मला बोलायचे आहे ते गिलाव्याबद्दल.

शाळेतला एक प्रयोग आठवा. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, नळीने तिच्यात फुंकायचे आणि निवळी दुधाळ होते. 'उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झाले' असे वहीत लिहून आपण मोकळे होतो. पण दुधाळ झाले म्हणजे काय झाले? पाण्यात विरघळलेला चुना आणि श्वासातला वायू यांतून कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण तयार झाले. तुम्ही फुंकर मारून दगड घडवला. मकबऱ्याच्या भिंतीवर हाच प्रयोग झाला. फुंकर तेवढी वाऱ्याची होती.

आता हा दगड जातो कुठे आणि परत येतो कसा, ते क्रमाने पाहू. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी घ्या. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला ती भाजली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम चुनकळी उरते. कळी हातात घेतली की वजनाला हलकी लागते ती यामुळेच. तिला पाणी पाजले की ती १८ ग्रॅम पाणी पिते, फुगते, भसाभस वाफा सोडते आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. लहानपणी दिवाळीच्या आधी अंगणात पत्र्याच्या डब्यात कळी विरवायचे, तेव्हा खाली जाळ नसताना पाणी उकळताना पाहिलेले अनेकांना आठवत असेल. "जवळ जाऊ नका, डोळ्यांत उडेल," हा घरच्यांचा ओरडा अगदी योग्य होता. तिसरी पायरी भिंतीवरची. विरलेला चुना हवेतून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडून देतो आणि वजन पुन्हा १०० ग्रॅम भरते. डोंगरातला दगड भट्टीत मोडला आणि भिंतीवर पुन्हा जुळला.

या तिसऱ्या पायरीवर माझा फार जीव आहे. आपण सहज म्हणतो की गिलावा 'वाळला'. चुना मात्र नुसता वाळून घट्ट होत नाही. कार्बन डायऑक्साइडला आधी पाण्यात विरघळावे लागते, तरच त्याची चुन्याशी गाठ पडते. म्हणून गिलाव्याच्या छिद्रांत पाण्याचा पातळ पापुद्रा हवा. भिंत पार कोरडी पडली तर क्रिया थांबते आणि चुना भुसभुशीत राहतो. छिद्रे पाण्याने तुडुंब भरली तरी ती थांबते, कारण हा वायू हवेत जितक्या वेगाने सरकतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात सरकतो. थोडी ओल, थोडी हवा, असा मधला मार्ग धरावा लागतो. त्यातही क्रिया बाहेरून आत जाते : वरचे काही मिलिमीटर काही आठवड्यांत दगड होतात, खोलवर पोचायला वर्षे लागतात. म्हणून जुना गवंडी जाड थर एकदम थापत नसे. अस्तराचा थर, त्याला उसंत, मग पुढचा थर, आणि सगळ्यांत वर चाळून घेतलेल्या बारीक चुन्याचा निरू.

आणखी एक बारकावा. विरलेल्या चुन्याची घनता साधारण २.२४ आणि कॅल्शियम कार्बोनेटची २.७१. म्हणजे ७४ ग्रॅम चुना ३३ घनसेंटिमीटर जागा व्यापतो, आणि त्यातून होणारे १०० ग्रॅम कार्बोनेट जवळजवळ ३७. घन पदार्थ सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. ही वाढ आतल्या छिद्रांत शिरते आणि थर आतून भरत जातो. पावसाळ्यात बारीक चीर पडली, तर पाणी आजूबाजूचा उरलेला चुना विरघळवून चिरेत आणते आणि तिथे पुन्हा कार्बोनेट बसते. केसाएवढ्या चिरा भिंत स्वतःच सांधते.

मग संगमरवर वेगळा का दिसतो? स्फटिकांमुळे. संगमरवरही मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता सोसून तिचे स्फटिक मोठे झाले, एकमेकांत घट्ट बसले. प्रकाश त्यात काही मिलिमीटर आत शिरून परततो, म्हणून तो आतून उजळल्यासारखा वाटतो. गिलाव्यातले स्फटिक अतिशय बारीक आणि मध्ये छिद्रे, त्यामुळे प्रकाश पृष्ठभागावरच विखुरतो : पांढरे, पण अपारदर्शक. हा फरक कमी करण्याची युक्ती म्हणजे घोटाई. निरू ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने तासन्तास घोटायचा. विरलेल्या चुन्याचे स्फटिक षट्कोनी चकत्यांसारखे असतात. घोटताना ते दबून पृष्ठभागाला समांतर आडवे होतात, छिद्रे मिटतात, झळाळी येते.

चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद, हिरडा घालत, हे खरे आहे. त्यावरून 'पूर्वजांचे गुप्त मिश्रण, सिमेंटपेक्षा शंभर पट मजबूत' असले संदेश फिरतात, ते मात्र खरे नाहीत. गुळातल्या साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि मसाला लवकर आवळत नाही, हाताखाली मऊ राहतो. विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली तर तिच्यातली सिलिका चुन्याशी जोडली जाते आणि ओलीतही मसाला पक्का होतो. यात गुप्त काही नाही. ताकदीच्या चाचणीत सिमेंट चुन्याला सहज हरवते. चुन्याचा गुण वेगळा : तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि दगडाबरोबर थोडा वाकतो. जुन्या वास्तूला सिमेंटचे ठिगळ लावले की आतली ओल अडकते, तिच्यातले क्षार पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात आणि शेजारचा निरोगी गिलावाही पापुद्र्यांनी सुटून येतो. मजबूत म्हणून लावलेली वस्तू भिंतीला मारते. आपल्या गडांवर आणि वाड्यांवर हे अजूनही चालू आहे, आणि शेजारीच चुन्याच्या घाणीचे दगडी चाक पडलेले असते. ते पाहून वाईट वाटते.

आमच्या गावचा जुना वाडा उतरवला तेव्हा मातीत पडलेली गिलाव्याची एक खपली मी घरी आणली. बशीत ठेवून तिच्यावर लिंबू पिळले. बुडबुडे आले. फरशीवाल्याकडच्या संगमरवराच्या कपचीची भुकटी करून तिच्यावर पिळले, तिथेही तेच बुडबुडे. (हा प्रयोग घरी, मातीत पडलेल्या तुकड्यावरच करा. उभ्या वास्तूवर लिंबाचा एक थेंबही नको.)

बुडबुडे सारखे दिसले तरी त्यांतला वायू वेगळा होता. संगमरवरातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला, त्यातले किरणोत्सारी कार्बन-१४ कधीच संपून गेलेले. गिलाव्यातला कार्बन तो भिंतीवर चढला त्या काळातल्या हवेतला. या फरकावरच जुन्या चुन्याचे वय काढण्याची पद्धत उभी आहे. ती कटकटीची आहे, कारण भट्टीत अर्धवट भाजलेला चुनखडीचा खडा नमुन्यात राहिला तर वय भलतेच जुने निघते, आणि खोलवरचा चुना उशिरा मुरलेला असेल तर नको तितके तरुण. पण तत्त्व पक्के आहे : गवंड्याने गोटा फिरवून हात धुतले, त्यानंतर त्या गावावरून वाहिलेली हवा भिंतीत दगड होऊन बसली आहे.

मकबऱ्यावर गेलात तर संगमरवराचा पट्टा संपून गिलावा सुरू होतो त्या रेषेपाशी थांबा, सकाळचे तिरपे ऊन असताना. खालच्या दगडात करड्या शिरा दिसतील. वर शिरा नसतात. तिथे कुठे कुठे, नीट पाहिले तर, घोटणाऱ्या हाताचे हलके वळसे दिसतात.