डोळ्यांभोवतीची कोरडी त्वचा आणि 'अँटी-एजिंग' आय क्रीम: पैसे मोजण्याआधी एवढं वाचा

परभणी शहरातल्या आणि जिंतूर, सेलू, गंगाखेडहून येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"आय क्रीम द्या, चांगलं," असं म्हणत बरेच जण काउंटरवर येतात. आम्ही आधी विचारतो की त्रास कसला आहे. कातडी ओढल्यासारखी होते, बारीक रेषा दिसतात, काळं पडलंय की फुगवटा आलाय? डब्यावर 'अँटी-एजिंग' एकाच शब्दात छापलेलं असतं, आतला माल मात्र प्रत्येकात वेगळा. या चारपैकी एका त्रासावर क्रीम चांगलं चालतं, दुसऱ्यावर बऱ्यापैकी, तिसऱ्यावर थोडंफार आणि चौथ्यावर जवळजवळ नाहीच. हे पत्रक मुख्यतः कोरड्या त्वचेच्या आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या ग्राहकांसाठी आहे.

इथंच जास्त कोरडं का पडतं

डोळ्यांभोवतीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. पापणीवर तर ती एक मिलिमीटरलाही भरत नाही. तेलग्रंथीही तिथं मोजक्याच, त्यामुळं गाल तेलकट असणाऱ्या बाईच्याही डोळ्यांच्या कडा कोरड्या असू शकतात. वयाबरोबर कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर हा वेग वाढतो आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन घटतं. म्हणून "मागच्या दोन-तीन वर्षांत एकदम चेहरा उतरला" असं कोणी म्हणालं तर तो मनाचा खेळ नसतो.

वर आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ च्या घरात, हवेत ओल नावाला नाही आणि दुपारची झळ तोंडावर. थंडीतही हवा कोरडीच. बोअरचं जड पाणी हे तिसरं कारण. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण जास्त चोळतो, आणि त्याचा चिकट थर कातडीवर राहून ती आणखी रखरखीत होते. तोंडाला साबण लावायचाच असेल तर डोळ्यांची खोबण सोडून लावा. शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारलात तरी फरक जाणवतो. एक गंमत सांगतो. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतली हवा दमट असते, एसीच्या खोलीतली कोरडी. ज्यांच्याकडे नवा एसी बसलाय, त्यांची तक्रार दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे येते.

आरशासमोर करायची तपासणी

सकाळी खिडकीजवळच्या उजेडात उभं राहा. तोंड धुऊन साधं मॉइश्चरायझर डोळ्याखाली लावा आणि दहा मिनिटं थांबा. चुरगळल्यासारख्या बारीक रेषा बऱ्याच कमी दिसल्या, तर त्या वयाच्या नाहीत, कोरडेपणाच्या आहेत. तुम्हाला महागाचं काही लागत नाही. हसल्यावर उमटणाऱ्या आणि हसू थांबल्यावरही राहणाऱ्या रेषा खोल गेलेल्या असतात. तिथं रेटिनॉलसारखा घटक हवा आणि धीरही.

काळेपणाचं तसं सोपं नाही. समोरून उजेड आल्यावर काळेपणा गायब होत असेल, तर ती खड्ड्याची सावली असते आणि कोणतंच क्रीम सावली पुसत नाही. निळसर-जांभळट झाक असेल तर पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. तपकिरी रंग असेल, विशेषतः डोळे चोळायची सवय असेल किंवा धुळीनं खाज येत असेल, तर आधी चोळणं थांबवा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते, आणि तेव्हा खाजेवरचा इलाज क्रीमपेक्षा जास्त कामाला येतो. बायकांमध्ये थकवा आणि धाप यांच्या जोडीनं डोळ्यांखाली काळं दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सकाळी फुगलेलं आणि दुपारपर्यंत उतरणारं असेल तर ते साचलेलं पाणी. थंड पाण्याची घडी किंवा कॅफिन असलेलं जेल तात्पुरतं उतरवतं. दिवसभर तसाच राहणारा पिशवीसारखा फुगवटा म्हणजे पुढं सरकलेली चरबी. त्यावर क्रीम विकणं आम्हाला योग्य वाटत नाही, म्हणून मागितलं तरी आम्ही हे सांगूनच देतो.

कोरड्या त्वचेला आधी काय हवं

पाणी ओढून धरणारं काहीतरी आणि ते उडू न देणारं काहीतरी. पहिल्या कामाला ग्लिसरीन आणि ह्यालुरोनिक ॲसिड (लेबलवर बहुधा 'सोडियम ह्यालुरोनेट'). दुसऱ्याला सेरामाइड, स्क्वालेन, शिया बटर, डायमेथिकोन किंवा साधं पेट्रोलॅटम, म्हणजे पांढरी पेट्रोलियम जेली. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असेल तर उत्तम.

इथं एक चूक फार लोक करतात. मुलगी पुण्याहून ह्यालुरोनिकचं सीरम पाठवते, आई ते मे महिन्यात नुसतंच लावते आणि तासाभरात कातडी आणखी ताणल्यासारखी होते. बाहेरच्या हवेतच ओल नसेल तर त्या घटकाला ओढायला मिळतं कुठून? सीरम ओलसर कातडीवर लावा आणि लगेच वरून क्रीमचा थर द्या. पावसाळ्यात तेच सीरम एकटंही चालून जातं.

खरं सांगायचं तर, तुमचं नेहमीचं चेहऱ्याचं क्रीम बिनवासाचं असेल, त्यात सेरामाइड-ग्लिसरीन असेल आणि डोळ्यांजवळ चुरचुरत नसेल, तर वेगळं आय क्रीम घेतलंच पाहिजे असं नाही. समजा १५ मिलीची आय क्रीमची ट्यूब ६०० रुपयांना आहे, म्हणजे मिलीला ४० रुपये. तेच घटक असलेलं ५० मिलीचं चेहऱ्याचं क्रीम ४०० ला असेल तर मिलीला ८ रुपये. डब्याच्या आकाराला भुलू नका, मिलीचा भाव काढा. आय क्रीमचा फायदा इतकाच की चांगल्या बनावटीच्यात वास आणि झणझणणारे घटक टाळलेले असतात.

लेबलवर घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमानं छापतात, पण एक टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमानं लिहायला मुभा असते. 'केशर', 'सोन्याचा वर्ख', 'मोती' असं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात आणि मागं यादीच्या शेपटाला असेल, तर समजून घ्या. परफ्यूम, लिमोनिन, लिनालूल, मेन्थॉल ही नावं दिसली तर डोळ्यांसाठी दुसरं बघा. कोरड्या त्वचेला वास सगळ्यात आधी बाधतो.

रेटिनॉल: काम करतं, पण सांभाळून

सुरकुत्यांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या घटकांत सगळ्यात भरवशाचा हाच. अ जीवनसत्त्वाच्या कुळातला आहे, कातडीचं नवं होणं आणि कोलॅजेन दोन्ही वाढवतो. परिणाम दिसायला साधारण १२ आठवडे लागतात. "पंधरा दिवस लावलं, काही झालं नाही" म्हणून सोडलेल्या ट्यूब घराघरात पडून असतात.

कोरड्या त्वचेला तो सुरुवातीला सोलवटतो, लाल करतो. म्हणून आधी कमी तीव्रतेचा, ०.१ टक्क्याच्या आसपासचा घ्या. आठवड्यातून दोनच रात्री. आधी साधं क्रीम, वर रेटिनॉल, त्यावर पुन्हा साधं क्रीम, असा थर दिला तर चुरचुर पुष्कळ कमी होते. महिनाभर त्रास झाला नाही तर एक-एक रात्र वाढवा. पापणीवर आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी लावायचं नाही. सकाळी ऊन टाळा किंवा सनस्क्रीन लावा, नाहीतर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जातं. ज्या सुनेला दिवस गेलेत किंवा जी मूल होण्याचा विचार करतेय, तिनं रेटिनॉलची कुठलीच जात वापरू नये, सासूबाईंची ट्यूब सहज उचलूनही नाही.

रेटिनॉल सोसत नसेल त्यांच्यासाठी बाकुचिओल आहे. हा घटक बावचीच्या बियांतून काढतात. २०१९ मध्ये एका ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात छापलेल्या ४४ जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर बाकुचिओल आणि रेटिनॉल यांचा सुरकुत्यांवरचा परिणाम जवळपास सारखा आला, आणि सोलवटणं-चुरचुरणं बाकुचिओलमध्ये कमी होतं. चाचणी छोटी होती, हेही लक्षात असू द्या. मात्र बाजारातलं कच्चं बावची तेल म्हणजे बाकुचिओल नव्हे. त्या तेलात सोरालेन असतं. ते लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळी पडते. काष्ठौषधीच्या दुकानातली बाटली आणून डोळ्यांखाली लावू नका.

पेप्टाइड आणि निआसिनामाइड सौम्य आहेत, कोरड्या त्वचेला चालतात, पण त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका.

जे आम्ही देत नाही

"ती पिवळी ट्यूब द्या, आठ दिवसांत उजळतं" अशी मागणी अजून येते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं असलेली क्रीम स्टेरॉइडची आहेत. २०१८ पासून ही चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. सुरुवातीला उजळतं, हे खरं. पुढं कातडी कागदासारखी पातळ होते, लाल रेघा उठतात, आणि डोळ्यांजवळ बरेच दिवस वापरलं तर डोळ्यातला दाब वाढण्याचा, मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. पातळ झालेल्या कातडीवर सुरकुत्या आणखी दिसतात, हे वेगळंच. बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली, पार्लरमध्ये डबीत भरून मिळणारी 'नाइट क्रीम'ही त्याच पंक्तीतली समजा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा.

आधी डॉक्टरांना दाखवा

डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळट चपटे डाग असतील तर क्रीम नको, कोलेस्टेरॉल तपासा. तोंडासोबत पायही सुजत असतील, एकाच डोळ्याभोवती सूज असेल, एक पापणी अचानक खाली आली असेल, तर दुकानात थांबूच नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत काहीच लावू नये. काचबिंदूच्या काही थेंबांनी, उदाहरणार्थ लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट, डोळ्यांभोवतीची कातडी काळपट होऊ शकते. तसं झालं तर थेंब आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

लावायचं कसं

तोंड धुऊन टॉवेलनं टिपा, पुसू नका. कातडी दमट असतानाच ज्वारीच्या दाण्याएवढं क्रीम अनामिकेच्या टोकावर घ्या, तेवढं एका डोळ्याला पुरतं. बोटानं डोळ्याभोवतीचं हाड चाचपा आणि त्या हाडावरच टिपके देत थोपटा. पापणीच्या कडेला लावायची गरज नाही, अंगाच्या उबेनं क्रीम वर सरकतंच. जास्त जाड थर दिला तर सकाळी डोळे चिकटतात, अंधुक दिसतं आणि काही जणींना बारीक पांढऱ्या पुळ्या येतात. साजूक तूप किंवा बदाम तेल लावणाऱ्यांनाही हेच सांगणं. ओल धरून ठेवायला ते चालतं, सुरकुत्या मात्र त्यानं जात नाहीत. लिंबू, टोमॅटो आणि डाळीच्या पिठाचं उटणं डोळ्यांपासून लांबच ठेवा.

दिवसा सगळ्यात मोठं अँटी-एजिंग म्हणजे ऊन अडवणं. एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइडवालं घ्या, ते घामानं डोळ्यात उतरलं तरी कमी झोंबतं. शेतात किंवा स्कूटीवर असाल तर स्कार्फ आणि 'यूव्ही ४००' लिहिलेला गॉगल. डोळे बारीक करून बघायचं थांबलं की कोपऱ्यातल्या रेषांनाही आराम मिळतो. या दोन गोष्टींना पैसे कमी पडत असतील तर आय क्रीम पुढच्या महिन्यात घ्या.

दुकानाबाबत थोडं

नवं काहीही घेतलं तर आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन रात्री लावून बघा. काउंटरवर काही क्रीमच्या नमुन्याच्या ट्यूब आहेत, मागून घ्या. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात १२ व इंग्रजी एम असेल तर फोडल्यापासून बारा महिने, ६ असेल तर सहा. फोडल्याची तारीख पेननं ट्यूबवर लिहून ठेवा. उन्हाळ्यात ट्यूब गाडीच्या डिक्कीत किंवा खिडकीत ठेवू नका. सील फोडलेला माल आम्ही परत घेत नाही. न फोडलेला, बिलासह, सात दिवसांत बदलून देतो. येताना सध्या वापरताय त्या ट्यूब आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी घेऊन या, दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते.