लोकटाकचं तरंगतं कुरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा गाळ

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलंच. मणिपूरच्या लोकटाक सरोवराला हा मान १९९० मध्येच मिळाला होता. पण तीनच वर्षांत ते धोक्यात आलेल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीतही गेलं. ते का गेलं, हे नाशिककरांनी जाणून घ्यावं असं आहे.

लोकटाकवर फुमदी तरंगतात. गोदावरीत दरवर्षी माजणाऱ्या पाणवेलींसारखं हे प्रकरण नव्हे. कुजलेलं गवत, मुळं आणि माती यांचा हा जाड थर, काही ठिकाणी माणूसभर उंचीचा. त्याचा बराचसा भाग पाण्याखाली असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायच्या, मुळं गाळातून पोषण ओढायची आणि पावसाळ्यात सगळं कुरण पुन्हा वर यायचं. लोकटाकच्याच एका भागातल्या, केइबुल लामजाओच्या अशाच कुरणावर संगाई हरणं जगतात. १९७५ च्या गणनेत ती जेमतेम १४ सापडली, म्हणून १९७७ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं.

मग १९८३ मध्ये विजेसाठी इथाई बंधारा आला. वीज हवी तर पाणी बारमाही हवं, त्यामुळे सरोवराची पातळी उन्हाळ्यातही चढीच राहू लागली. फुमदींचं तळाला टेकणं थांबलं, त्या उपाशी राहून पातळ झाल्या. पातळ थरातून हरणाचा खूर सरळ खाली जातो. शिकारीला आळा बसल्याने संगाईंची संख्या २०१६ पर्यंत २६० वर गेली खरी, पण पायाखालची जमीन मात्र विरत चालली.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. गोदावरी-कादवा संगमाजवळचा बंधारा इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोपरगाव-राहात्याकडच्या कालव्यांसाठी बांधला. पक्षी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, थंडीत बदकं उतरू लागली आणि १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. इंजिनिअरच्या लेखी जो तोटा, त्यावरच हे सगळं उभं आहे.

गाळाने साठवण घटली, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे. पण गाळ सरसकट उपसला, तर चिखलात चालत खाणाऱ्या शेकाट्या आणि चमचा या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरणार नाही. त्यामुळे उपसा कुठे आणि किती, हे पाटबंधारे आणि वन खात्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.