काढा, लाल केमो आणि जांभळी प्लेट

मावशीची केमो चालू होती तेव्हा दर दोन दिवसांनी कुणीतरी एक बाटली घेऊन घरी यायचं. कधी गुळवेलीचा रस, कधी हळदीच्या कॅप्सूल, कधी अश्वगंधा, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, अगं घे, साइड इफेक्ट कमी होतात, रिसर्च झालाय यावर. घरात लॅबमध्ये काम करणारी मी एकटी, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. रिसर्च झालाय हे खरंय, वनस्पतींचे अर्क केमोच्या औषधापासून स्टेम सेलना (ज्यांच्यापासून हाड, चरबी अशा वेगवेगळ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींना) वाचवतात का हे लॅबमध्ये बघतात, पण तो कसा करतात हे माहीत असल्यामुळे माझ्या तोंडून पटकन हो निघेना.

मावशीला सलाईनमधून जे लालभडक औषध जायचं ते डॉक्सोरुबिसिन. इटलीत कास्तेल देल मोंते नावाच्या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत १९५० च्या दशकात एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून आधी डॉनोरुबिसिन नावाचं औषध मिळालं आणि मग त्याच जिवाणूत बदल घडवून हे. एड्रियाटिक समुद्रावरून ॲड्रियामायसिन हे दुसरं नाव पडलं. कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तोडणं हे याचं काम, ते चोख करतं, पण त्याला मायटोकॉन्ड्रियाचं भारी वेड. (शाळेत मराठी मीडियमला आपण तंतुकणिका म्हणून पाठ केलेलं तेच हे, पेशीला ऊर्जा पुरवणारं.) मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचं एक फॅट असतं, औषध त्याला जाऊन चिकटतं आणि शेजारच्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतून इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देतं, दिलं की परत रिकामं, परत उचल, असं चालूच राहतं आणि त्यातून तयार होणारा सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचंच एक घातक रूप, आतून सगळं पोळत सुटतो. नुकसानाची ही एकच वाट नाहीये, पण मोठी आहे. हृदयाच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले म्हणून फटका तिथे जास्त, आणि म्हणूनच आयुष्यभराचा एकूण डोस मोजतात, सहसा ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे जात नाहीत. मावशीच्या फाइलमध्ये टू-डी इकोचे कागद साठत गेले ते यामुळे.

आता स्टेम सेल यात कुठून आल्या? बोन मॅरोतल्या किंवा चरबीतल्या स्टेम सेल तशा आळशी, कमी ऑक्सिजनमध्ये राहतात, साखर अर्धवट फोडून भागवतात, मायटोकॉन्ड्रिया फारसे वापरत नाहीत. पण त्यांना हाड किंवा दुसरं काही बनायची वेळ आली की तेच मायटोकॉन्ड्रिया जोरात चालवावे लागतात, आणि ते आधीच पोळलेले असतील तर पेशी जिवंत दिसते पण कामाची उरत नाही.

लॅबमध्ये हे बघतात कसं, तर हाताच्या पंजाएवढी ९६ घरांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक घरात काही हजार पेशी. काही घरांत आधी वनस्पतीचा अर्क, दुसऱ्या दिवशी औषध, काहींत नुसतं औषध. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकायचं. ही पद्धत १९८३ पासून चालत आलीये. जिवंत पेशी त्याचं जांभळं करते, मेलेली करत नाही, रंग मशीनवर मोजायचा, संपलं. अर्कवाली घरं गडद जांभळी दिसली की लॅबमध्ये पेढे.

इथेच गोची आहे. अर्कातली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतींतली रसायनं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात! म्हणजे सगळ्या पेशी मरून पडल्यात आणि प्लेट मात्र खुशाल जांभळी. त्यामुळे पेशी न घालता नुसता अर्क टाकलेली चार घरं ठेवावीच लागतात, आणि पेपर वाचताना मी आधी तीच शोधते. शिवाय जेसी-१ नावाच्या डायने बघतात, धडधाकट मायटोकॉन्ड्रिया लालसर चमकतात, पडद्यावरचा व्होल्टेज उतरला की हिरवे. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर मग मी पुढे वाचते.

आणि काही वेळा ते येतं, हे मान्य करायला हवं. त्यामागचं कारणही मस्त आहे. हळदीतलं कर्क्युमिन स्वतः आग विझवतं त्यापेक्षा पेशीला किंचित डिवचतं, मग एनआरएफ-२ नावाचं प्रोटीन जागं होतं आणि पेशी आपलीच बचावाची फौज बाहेर काढते. पण प्लेटमध्ये कर्क्युमिन १०-२० मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) टाकतात. हळदीत ते साधारण ३ टक्के, त्यातलं आतड्यातून फारच थोडं आत जातं आणि लिव्हर तेही पटकन बदलून टाकतं, रक्तात पोचतं ते प्लेटच्या मानाने नगण्य.

मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. एनआरएफ-२ फक्त चांगल्या पेशींची मक्तेदारी नाही, फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये तर गाठीतल्या पेशींनी हे बटण कायमचं चालू करून ठेवलेलं असतं आणि त्या केमोला दाद देत नाहीत. मग जो अर्क स्टेम सेलला वाचवेल तो गाठीला वाचवणार नाही कशावरून? त्याच प्लेटमध्ये शेजारी कॅन्सरच्या पेशी ठेवून तोच अर्क, तेच औषध देऊन बघायला हवं, आणि नेमकं हेच बऱ्याच पेपरांत नसतं.

गुळवेलीचं तर वेगळंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद छापली, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं की ती दुसरीच, तशीच दिसणारी वेल असू शकेल. असेलही. पण मावशीकडे आलेल्या बाटलीत कोणती वेल होती ते मी तरी कशी सांगणार, लेबलवर हिरवं पान छापलेलं होतं, बस.

शेवटी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन वाचली आणि केमो संपेपर्यंत सगळ्या बंद म्हणाले. मावशीने विचारलं, आणि वरणातली हळद? ते हसले, ती चालू दे.