उंदराच्या आतड्याचे ऑर्गनॉइड: संच वापरण्यापूर्वी

सगळे पत्रक वाचायला वेळ नसेल, तर निदान पेशी ज्यात वाढतात त्या जेलचा भाग वाचा. बहुतेक वाढी तिथेच फसतात.

पेशी काय करतात

2009 साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने दाखवले, की एलजीआर5 (मूलपेशींची खूण असलेले प्रथिन) असलेल्या एकाच मूलपेशीपासून छोटे आतड्यासारखे अस्तर, म्हणजेच ऑर्गनॉइड, उभे राहते. साचा लागत नाही. आधी नुसता पोकळ गोळा होतो. मग त्यातली एखादी पेशी पनेथ पेशी (मूलपेशींना आधार देणारी पेशी) बनते, शेजारच्या पेशींना डब्ल्यूएनटी3 हा संकेत देते आणि तिथेच भिंतीला कोंब फुटतो. मूलपेशी कोंबातच राहतात. तिथून सरकलेल्या पेशी शोषणाच्या किंवा श्लेष्मा स्रवणाऱ्या होतात. म्हणून माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) वरून डब्ल्यूएनटी घालू नका. घातले तर कोंब न फुटता गोळेच फुगतात. माणसाच्या पेशींना मात्र ते द्यावेच लागते.

जेल

हे जेल तुपाच्या अगदी उलट: थंडीत पातळ, उबेत घट्ट. रात्रभर 4 अंशांवर बर्फात ठेवून वितळवा. 10 अंशांच्या वर ते थिजू लागते. टिपा फ्रीजरमध्ये गार करा, 24 खणांची प्लेट मात्र आदल्या रात्रीच 37 अंशांवर ठेवा. गार प्लेटवर थेंब पसरतो, पेशी तळाला टेकतात आणि प्लास्टिकला चिकटून सपाट वाढतात. पेशी जेलमध्ये मिसळून प्रत्येक खणात मधोमध 50 मायक्रोलिटरचा थेंब सोडा. बुडबुडा नको, त्यासाठी पिपेट दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबू नका. प्लेट उलटी करून 15 मिनिटे 37 अंशांवर ठेवा. मग 500 मायक्रोलिटर माध्यम भिंतीवरून हळूच सोडा, थेंबावर नाही.

माध्यम

पेशींना वाढीचे संकेत देणारी तीन प्रथिने, दर मिलिलिटरला: ईजीएफ 50, नॉगिन 100 आणि आर-स्पॉन्डिन 500 नॅनोग्रॅम. सुट्या पेशींपासून सुरुवात असेल तर पहिले दोन दिवस 10 मायक्रोमोलर वाय-27632 (पेशींना मरण्यापासून वाचवणारे रसायन) घाला, नाहीतर एकट्या पडलेल्या पेशी मरतात. माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदला.

मधोमध काळे दिसते

मेलेल्या पेशी आतल्या पोकळीत साचतात, त्यामुळे थोडा काळेपणा चालतो. पूर्ण काळवंडले तर विभागणीला उशीर झाला. साधारण सातव्या दिवशी बारीक टोकाच्या पिपेटने फोडून एकाच्या चार खणांत वाटा. ट्रिप्सिन (पेशी एकमेकींपासून सुट्या करणारे विकर) वापरू नका. पार सुट्या झालेल्या पेशींतून फार थोड्या पुन्हा वाढतात.